व्हायोलेटचा कोरा चहा: पहिल्यांदा पिणाऱ्यांसाठी

व्हायोलेटचा चहा पहिल्यांदा पिणाऱ्याकडून तीनपैकी एक शेरा ठरलेला असतो: ‘साबणासारखा लागतोय’, ‘कसलाच वास येत नाही’ किंवा ‘अजून एक कप मिळेल का?’ गंमत म्हणजे तिघंही खरं बोलत असतात. त्याचं कारण पुढे येईलच. आधी एवढंच सांगते, की हा चहा आपल्या रोजच्या पद्धतीनं केला तर पैसे वाया जातात. पातेल्यात पाणी, साखर, पत्ती, ठेचलेलं आलं, वर दूध आणि दोन सणसणीत उकळ्या दिल्या की व्हायोलेट घरभर दरवळतो आणि कपात उरत नाही. वाफेबरोबर तो केव्हाच निघून गेलेला असतो.

ठाण्यात किंवा वाशी-नेरूळला राहणाऱ्या, आयुष्यभर कडक दुधाच्या चहावर वाढलेल्या आणि आता कुणी भेट दिलेलं किंवा हौसेनं मागवलेलं असं एखादं पाकीट हातात घेऊन बसलेल्या माणसासाठी हे लिहिते आहे.

पाकिटात असतं काय

व्हायोलेट म्हणजे थंड हवेतलं, टीचभर वाढणारं एक रोपटं. त्याची फुलं जांभळी आणि नखाएवढी असतात. आपल्या देशात ते काश्मीर-हिमाचलकडे होतं. ठाण्याच्या उकाड्यात ते कुंडीत जगवायच्या फंदात पडू नका.

पण पाकिटातला वास बहुतेक वेळा त्या फुलातून आलेला नसतो. फुलातून सुगंध निघतो इतका थोडा, की तो काढून चहाला लावणं कुणालाच परवडत नाही. या वासामागचं मुख्य द्रव्य आयोनोन. १८९३ साली टीमान आणि क्रूगर या दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ते प्रयोगशाळेत तयार केलं, आणि त्यासाठी त्यांनी सुरुवात केली सिट्रालपासून. सिट्राल कशात भरपूर असतं? गवती चहाच्या तेलात. पुढे कितीतरी वर्षं केरळातलं गवती चहाचं तेल जहाजानं परदेशी जात होतं, ते बऱ्याच अंशी या सिट्रालसाठीच. आपण पावसाळ्यात ज्याची पात चुरगळून चहात टाकतो, त्याच जातकुळीच्या गवतापासून युरोपातल्या बायकांचं व्हायोलेट अत्तर तयार होत होतं. मला ही गोष्ट फार आवडते, म्हणून इथे लांबवली.

दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे. आयोनोन थोड्या प्रमाणात काळ्या चहात मुळातच असतं. चहाचं पान सुकवताना, मळताना आणि आंबवताना त्यातलं कॅरोटीन मोडतं आणि त्यातून हे द्रव्य तयार होतं. म्हणून काळ्या चहाला व्हायोलेट लावला तर तो उपरा वाटत नाही. चहात जे आधीच दबलेलं आहे तेच थोडं वर येतं. चांगला व्हायोलेट चहा ओळखायचा तो इथेच: आधी चहा लागला पाहिजे, व्हायोलेट त्याच्या मागून आला पाहिजे. पाकीट उघडल्याबरोबर अख्खं स्वयंपाकघर घमघमलं आणि कपात चहाची चव मात्र पाणचट निघाली, तर पत्ती हलकी आहे आणि ती झाकायला वास ओतलाय असं खुशाल समजा.

पत्तीत दिसणाऱ्या निळ्या-जांभळ्या पाकळ्यांना भुलू नका. त्या बहुधा कॉर्नफ्लॉवर किंवा मॅलो या दुसऱ्याच फुलांच्या असतात, निव्वळ शोभेच्या. त्यांना ना वास, ना चव.

घेताना होणारे घोटाळे

जांभळा रंग दिसला की व्हायोलेट, असा समज फार आहे. तो आधी सोडा.

गोकर्णाच्या फुलांचा निळा चहा वेगळा. त्यात चहाची पत्ती नसते, वास जवळपास नसतो, आणि लिंबू पिळलं की रंग बदलतो एवढीच त्याची करामत. केनियातला जांभळ्या पानाचा चहाही वेगळा, तिथे पानच जांभळट असतं आणि फुलाचा संबंध नाही. लॅव्हेंडर तर अगदीच निराळा. त्यात कापराची झाक असते, व्हायोलेटमध्ये ती औषधालाही सापडणार नाही.

घोडबंदर रोडच्या किंवा पाम बीचकडच्या नर्सरीत आफ्रिकन व्हायोलेट नावाची गोंडस कुंडी मिळते. केसाळ पानं, सुंदर फुलं. ती खिडकीत ठेवा, चहात घालू नका. त्या झाडाचं खऱ्या व्हायोलेटशी नावापलीकडे नातं नाही, शिवाय नर्सरीतल्या झाडांवर काय फवारलंय कुणास ठाऊक.

काष्ठौषधी मिळणाऱ्या दुकानात बनफशा मागितलं तर सुकलेला व्हायोलेट मिळतो. युनानी जोशांद्यात, म्हणजे काढ्यात, सर्दी-खोकल्यासाठी तो वापरतात. वनस्पती तीच, पण सुकल्यावर सुगंध पार उडालेला असतो आणि पुडीत पानं-काड्याही भरपूर असतात. त्याचा काढा गवतासारखा लागतो. चवीसाठी म्हणून तो आणण्यात अर्थ नाही.

तेव्हा पाकिटाच्या मागची घटकांची बारीक यादी वाचा. काळा चहा पहिल्या क्रमांकावर हवा, आणि व्हायोलेट फ्लेवर असा स्पष्ट उल्लेख हवा. नुसतंच ‘फ्लोरल’ लिहिलं असेल तर आत गुलाबही निघू शकतो. पत्ती कोणती आहे हेही पाहा. लांब पानाची, म्हणजे ऑर्थोडॉक्स, असेल तर उत्तम. निलगिरी किंवा सिलोनची पत्ती या वासाला मानवते, कारण ती स्वच्छ आणि हलकी असते. गोळीदार सीटीसी पत्ती १९३०च्या दशकात आसामात निघालेल्या यंत्रामुळे आली. चहा झटपट आणि दाट उतरावा हीच तिची खुबी, म्हणून दुधाच्या चहाला ती लागतेच. व्हायोलेटला मात्र ती दाबून टाकते.

सुरुवातीला २५ किंवा ५० ग्रॅमच घ्या. पाव किलोचं पाकीट स्वस्त पडतं म्हणून घेणाऱ्यांच्या घरी ते दोन वर्षांनी फडताळाच्या मागच्या कोपऱ्यात सापडतं. मॉलमधल्या चहाच्या दुकानात घेणार असाल तर डबा उघडून वास घ्यायला मागा, बहुतेक जण देतात. तिथे एकामागून एक दहा डबे हुंगू नका. तिसऱ्या डब्यानंतर नाक काहीच सांगत नाही.

नाकाला आधी ओळख करून द्या

वाइन चाखणारे लोक घरी बाटल्यांमध्ये वेगवेगळे वास भरून ठेवतात. आपल्याला एवढा खटाटोप नको. ठाणे स्टेशनबाहेर किंवा सिग्नलला सोनचाफा विकायला येतो, वसईकडचा. दहा-वीस रुपयांत मिळणारी ती फुलं घ्या आणि घरी आल्यावर एक फूल नाकाशी धरा. पहिल्यांदा येतो तो गोड, पिकलेल्या फळासारखा वास. तो ओसरला की खाली एक मऊ, कोरडा, पावडरीसारखा वास राहतो. तो पकडा. सोनचाफ्यात आयोनोन असतं, आणि तो खालचा मऊ थर बराचसा त्याचाच. मेंदीच्या फुलातही ते आहे, कोकणात घर असेल तर कुंपणाला मेंदी फुलल्यावर हुंगून बघा.

एकदा तो थर ओळखता आला की चहात काय शोधायचंय ते कळतं. नाहीतर माणूस जांभळाची किंवा काळ्या द्राक्षाची चव शोधत बसतो आणि सापडत नाही म्हणून खट्टू होतो.

पाणी

चहाच्या कपात जवळजवळ सगळं पाणीच असतं, आणि या चहाला तर दूध-आल्याचा आडोसाही नसतो. नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी येतं, ठाण्यातही नळाला धरणाचंच. ते मऊ असतं, चहाला छान. घोडबंदरच्या बऱ्याच सोसायट्यांत उन्हाळ्यात टँकर येतात आणि त्यात बोअरचं पाणी असलं तर ते क्षाराचं असतं. क्षाराच्या पाण्यात कोरा चहा केला की थंड होताना वर तवंग धरतो, कपाच्या कडेला तपकिरी वळ उमटतो आणि वास मंद होतो. दूध घातलेल्या चहात हे लपून जातं, कोऱ्यात नाही.

आरओचं पाणीही नेहमी चांगलं असं नाही. मशीन फार कडक लावलेलं असेल तर पाणी इतकं रितं होतं की चहा सपक लागतो. नळाचं आणि मशीनचं पाणी निम्मं-निम्मं करून बघा. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर ते रात्री उघड्या भांड्यात भरून ठेवा, सकाळी वापरा. एकदा उकळून गार झालेलं पाणी पुन्हा आधणाला ठेवू नका, ताजं घ्या.

भांडी

इथे थोडं कडक व्हावं लागतं. रोजच्या चहाचं पातेलं कितीही घासलं तरी त्याला आलं-वेलचीचा वास असतो. तुम्हाला येत नसेल, कारण तुमचं नाक त्याला सरावलंय. गाळणी प्लास्टिकची असेल तर तिची जाळी आणि कड हुंगून पाहा. म्हणून पाणी उकळायला किटली किंवा दूध न लागलेलं वेगळं भांडं, मुरवायला काचेचा जग किंवा चिनी मातीची किटली, आणि स्टीलची गाळणी घ्या. कप आतून पांढरा आणि पातळ कडेचा असावा, रंग नीट दिसतो. कागदी कपाला स्वतःचा वास असतो, त्यात हा चहा ओतणं म्हणजे अन्याय आहे.

थर्मासचा तर विचारही करू नका. व्हायोलेटचा वास झाकणाच्या रबरी चकतीत जाऊन बसतो आणि पुढे कितीतरी दिवस त्या थर्मासमधल्या गरम पाण्यालाही येत राहतो. घरात कुणी ऑफिसला त्यात साधा चहा नेत असेल तर संध्याकाळी जे ऐकून घ्यावं लागतं ते वेगळंच.

एक कप कसा करायचा

१७० ते १८० मिली पाणी, म्हणजे मध्यम आकाराचा एक मग. लांब पानाची पत्ती २ ग्रॅम, साधारण एक सपाट चहाचा चमचा. सीटीसी असेल तर अर्धा चमचाच, ती वजनाला जड असते आणि उतरतेही जोरात.

पाण्याला आधण येऊ द्या. गॅस बंद करा. थोडं गरम पाणी कपात आणि जगात घालून फिरवा, ओतून टाका. एवढ्यात पाण्याची खळबळ थांबलेली असते आणि ते साधारण ९५ अंशांवर आलेलं असतं. थर्मामीटर लागत नाही. गरम झालेल्या कोरड्या जगात पत्ती टाका आणि पाणी घालण्याआधी तिचा वास घ्या. या क्षणी व्हायोलेट जेवढा स्पष्ट येतो तेवढा नंतर कधीच येत नाही. कित्येक जण हा टप्पा गाळतात आणि मग म्हणतात वासच नाही.

मग पाणी ओता, झाकण ठेवा. झाकण हवंच, बशी उपडी ठेवली तरी चालेल. तीन मिनिटं. मोबाइलवर गजर लावा, अंदाजावर राहू नका. सीटीसीला दोन मिनिटं पुरे. दार्जिलिंगची हलकी पत्ती असेल तर पाणी आणखी थोडं निवू द्या. तीन मिनिटं झाली की सगळं गाळून घ्या, पत्ती पाण्यात तशीच राहू देऊ नका आणि गाळणीत चमच्यानं दाबून शेवटचा थेंब काढायचा मोह आवरा. त्या शेवटच्या थेंबांत सगळा तुरटपणा असतो.

व्यावसायिक चहापारखी यापेक्षा खूप कडक काढा करतात. १९८० साली ठरलेल्या आयएसओ ३१०३ या पद्धतीत १०० मिली पाण्याला २ ग्रॅम पत्ती आणि सहा मिनिटं असं माप आहे. ते चहातले दोष उघडे पाडण्यासाठी. प्यायचा असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

चव घेणं

आता मुख्य काम. त्याआधी एक तासभर आंघोळीचा साबण, अगरबत्ती, फिनाइल, परफ्यूम यांपासून लांब राहता आलं तर बघा. सकाळी देवपूजा झाल्यावर लगेच बसलात तर चंदनाच्या उदबत्तीपुढे व्हायोलेटचा टिकाव लागत नाही. दुपारी चार-साडेचारची वेळ चांगली, जेवण उतरलेलं असतं. आणि मामलेदारची मिसळ खाऊन आला असाल तर आज राहू द्या, उद्या करा.

कप ओतल्यावर चार-पाच मिनिटं थांबा. फार गरम चहात जीभ फक्त गरमपणा सांगते. नाक कपाच्या वर आणून दोनदा छोटा श्वास घ्या, मोठा हुंगा नको. व्हायोलेट येईल. पुन्हा हुंगा. आता येणार नाही, किंवा खूप कमी येईल.

नवख्या माणसाचा घोळ होतो तो इथे. वास चहातून गेलेला नसतो, नाक थकलेलं असतं. आयोनोनची खोडच अशी, की ते नाकातल्या संवेदनेला काही क्षण बधिर करतं. मग ती जागी होते आणि वास पुन्हा येतो. त्यामुळे हा वास सारखा येत-जात राहतो. तो सतत यावा म्हणून जास्त पत्ती घालणं, जास्त वेळ मुरवणं, कपात नाक खुपसून बसणं, यानं काही साधत नाही. उलट थांबायचं असतं. वास गेला की चेहरा बाजूला करा, स्वतःच्या शर्टाची बाही किंवा कोपराची आतली बाजू हुंगा, खिडकीबाहेर बघा. अर्ध्या-एक मिनिटानं पुन्हा या. अत्तरवालेही नाक ताळ्यावर आणायला हेच करतात.

आता घोट. मोठ्यानं भुरका मारून घ्या. लहानपणी बशीतून भुरके मारताना ज्यांना ओरडा बसला असेल त्यांनी आता सूड उगवावा. कोलकाता-गुवाहाटीच्या लिलावांसाठी चहा चाखणारे पारखी चमच्यातून असाच जोरात भुरका मारतात, कारण त्यानं चहा हवेबरोबर तोंडभर पसरतो. जिभेवर फिरवा, गिळा, आणि ओठ मिटून नाकानं हळूच श्वास सोडा. व्हायोलेट खरा कळतो तो या सोडलेल्या श्वासात. जिभेला त्याची चव नसतेच. जीभ फक्त चहाचा तुरटपणा आणि गोडवा सांगते, फुलाचं काम घशामागून नाकात होतं. सर्दी झालेली असताना हा चहा पिणं म्हणूनच निरर्थक.

पहिल्या कपात तीन गोष्टी शोधा, त्यापेक्षा जास्त नको. चहा तुरट आहे की गुळगुळीत? फुलाचा वास आधी येतो, मधे येतो की गिळल्यावर? आणि कप अर्धा झाल्यावर, कोमट झाल्यावर, काय बदललं? कोमट चहात बऱ्याचदा पावडरी वास मागे पडतो आणि एक लाकडी, किंचित मातकट छटा पुढे येते. मला स्वतःला तीच जास्त आवडते. ज्यांना व्हायोलेट ‘बायकी’ वाटतो त्यांनी कप कोमट होईपर्यंत थांबून मग मत द्यावं.

रिकामा कप लगेच विसळू नका. दोन मिनिटांनी तो हुंगा. तळाशी राहिलेल्या थेंबाचा वास कधीकधी भरल्या कपापेक्षा गोड असतो.

एकट्यानं नको, चारचौघांत करा

वाशीला ताईकडे हा चहा केला तेव्हा एकाच किटलीतले चार कप होते. ताई म्हणाली, ‘अगं, आईची पावडर!’ भाऊजींनी दोन घोट घेतले आणि ‘बरा आहे, पण यात फूल कुठे आहे?’ असं विचारलं. भाचा नाक मुरडून म्हणाला, ‘मावशी, व्हिनेगर पडलंय यात.’ ताईनं त्याला दटावलं, पण पोरगं नाटक करत नव्हतं.

आयोनोनचा एक प्रकार म्हणजे बीटा-आयोनोन. ते ओळखणारी ग्राहक-प्रथिनं आपल्या नाकात असतात, आणि त्यांचा आराखडा देणारा जनुक ओआर५ए१ माणसागणिक थोडा वेगळा असतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हे स्पष्ट झालं. या जनुकाचं एक रूप असणाऱ्यांना अब्जातल्या एका भागाहूनही कमी आयोनोन कळतं आणि त्यांना ते फुलासारखं लागतं. दुसरं रूप असणाऱ्यांना त्यासाठी कितीतरी जास्त प्रमाण लागतं, आणि तेव्हाही ते आंबूस किंवा झोंबरं वाटतं. एकाच घरात, सख्ख्या भावंडांतही असा फरक पडतो. त्यामुळे ‘तुला चवच कळत नाही’ हे वाक्य या चहापुरतं तरी बाद.

साबणाची तक्रारही खोटी नाही. साबण, पावडर, क्रीम यांच्या वासात आयोनोन आणि त्याची भावंडं सर्रास वापरतात. मेंदूनं तो वास आयुष्यभर बाथरूममध्ये घेतलाय, आता तो कपात आल्यावर मेंदू बिचकणारच. ही तक्रार दोन-तीन कपांत बऱ्याच जणांची जाते. व्हिनेगरवाल्यांची मात्र जात नाही. त्यांच्यामागे लागू नका.

साखर, दूध, लिंबू

पहिला कप नुसताच प्या. दुसऱ्यात अर्धा चमचा साखर घालून बघा, गोडव्यानं फुलाचा वास खुलतो. खडीसाखर असेल तर उत्तमच. गूळ आणि मध दोन्ही चांगले, पण त्यांचे स्वतःचे वास दांडगे आहेत.

दुधाला माझी ना नाही, उकळायला आहे. गाळलेल्या चहात वरून चमचा-दोन चमचे गरम दूध. दुधातलं केसीन तुरटपणा धरून ठेवतं आणि चहा मऊ होतो. पण आयोनोन स्निग्धात विरघळणारं आहे, त्यामुळे दूध जितकं सायीचं तितका वास त्यात अडकतो. म्हशीचं दूध घालून पांढरा केलेला चहा पिताना व्हायोलेट नावालाच उरेल. लिंबू नको. रंग फिका पडतो आणि वास लिंबाचाच राहतो. आलं, वेलची, चहा मसाला हे सगळं रोजच्या चहासाठी राखून ठेवा.

बरोबर काय खावं

साधी खारी. तिला स्वतःचं मत नसतं, आणि दोन घोटांमध्ये तोंड कोरडं करून देते. वेलची न घातलेली नारळाची वडी छान जाते. कडू चॉकलेट तर याचं जुनं जोडीदार. हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आपल्याकडे येते, तीही चालते, आणि रास्पबेरी मिळाली तर जरूर घ्या, कारण तिच्यातही आयोनोन आहे आणि दोन्ही एकमेकांना उचलून धरतात. चिवडा, भजी, लसूण शेव, वडापाव यांच्याबरोबर हा चहा काढणं म्हणजे दोघांचाही अपमान.

उकाड्यात थंड

एप्रिल-मेमध्ये कपातून वाफा निघालेल्या बघवत नाहीत. तेव्हा अर्धा लिटर साध्या पाण्यात ५ ग्रॅम लांब पानाची पत्ती घाला, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, आणि फ्रीजमध्ये सहा ते आठ तास ठेवा. सकाळी गाळून घ्या आणि त्याच दिवशी संपवा. गार पाण्यात तुरटपणा फार उतरत नाही, चहा गुळगुळीत होतो. नाकाला वास कमी येतो, पण घोट तोंडात दोन क्षण धरला की तो गरम होतो आणि व्हायोलेट एकदम फुटतो. बर्फ घालू नका. बाटलीचं झाकण सैल असेल तर फ्रीजमधला आंबोशीचा किंवा सुकटीचा वास चहात उतरलाच म्हणून समजा.

घरच्या घरी वास लावायचा असेल तर

काहींना पाकीट मिळत नाही किंवा महाग वाटतं. केकचं सामान विकणाऱ्यांकडे किंवा ऑनलाइन व्हायोलेटचा खाण्याचा इसेन्स मिळतो. चांगली निलगिरी पत्ती नेहमीसारखी मुरवून गाळा, टूथपिकचं टोक इसेन्समध्ये बुडवून कपात एकदा फिरवा. बस. थेंब नको. कमी वाटलं तर पुन्हा टोक बुडवा. एवढ्यावर जमलं तर पुढे पत्तीच्या डब्यात थेंब टाकून, हलवून, दोन दिवस झाकून ठेवायचा प्रयोग करता येईल. अत्तराच्या दुकानातली किंवा डिफ्यूझरची तेलं यासाठी नाहीत, ती खाण्याची नसतात.

पावसाळा आणि डबा

जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या हवेत पापड तळायच्या आधीच मऊ पडतात, तिथे चहाची काय कथा. पत्ती ओल ओढते आणि शेजारचे वासही ओढते. पाकिटाची क्लिप पुरत नाही. घट्ट झाकणाचा पत्र्याचा किंवा स्टीलचा छोटा डबा घ्या, ज्यात पूर्वी हिंग-मसाला कधीच नव्हता असा. डबा जेवढा भरलेला तेवढा चांगला, पत्ती कमी झाली की लहान डब्यात काढा. मसाल्याच्या फडताळात, गॅसच्या वर किंवा फ्रीजमध्ये ठेवू नका. चमचा कोरडा हवा आणि वाफाळत्या किटलीवर डबा उघडा धरू नका. उघडल्यापासून तीन-चार महिन्यांत संपवा. त्यानंतर चहा खराब होत नाही, फक्त व्हायोलेट निघून जातो आणि साधी पत्ती उरते. एकदा वापरलेली पत्ती साध्या चहासारखी दुसऱ्यांदा मुरवता येते, पण दुसऱ्या पाण्यात फुलाची आशा ठेवू नका.

नाहीच आवडला तर

वास फार उग्र वाटला तर एक भाग व्हायोलेटची पत्ती आणि तीन भाग साधी ऑर्थोडॉक्स पत्ती एकत्र करून आठवडाभर डब्यात ठेवा. वास सगळीकडे पसरतो आणि बराच सौम्य होतो. कितीतरी जणांना हाच रोजचा चहा म्हणून चालतो. तुम्ही व्हिनेगरवाल्या गटात असाल तर मात्र मिश्रण करून उपयोग नाही. पाकीट घट्ट बंद करून सोसायटीत कुणाला हवंय का विचारा. देताना तीन मिनिटं आणि झाकण एवढं नक्की सांगा, नाहीतर तिकडे ते आल्याबरोबर उकळलं जाईल.